सात वाजताचा फोन

प्रश्न : मावशी, मी ३१ वर्षांची. माहेर देवगड तालुक्यात, सासर मालवणात. तीन वर्षांपूर्वी ईस्टरच्या आदल्या रात्री मी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने कधी आग्रह धरला नव्हता, निर्णय माझाच होता. पण माहेरच्यांनी मला टाकलं. गणपतीला घरात पाऊल ठेवू नकोस, असा दादाने मुंबईहून निरोप धाडला. इकडे चर्चमधल्या बायकांसाठी मी अजून ‘नवी’च. एवढं सोसूनही हल्ली प्रार्थना कोरडी वाटते. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बसते, पण मन लागत नाही. संध्याकाळी घरात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असते, नेमका तेव्हाच आईचा फोन येतो, म्हणून सात वाजता मोबाइल सायलेंटवर ठेवते. नंतर परत करायचं राहून जातं. आईबापावर माझ्यापेक्षा जास्त प्रीती करणारा मला योग्य नाही, असं येशूच म्हणाला ना? मग मी त्याच्यासाठी सगळं सोडलं आणि तो गप्प का?

उत्तर : मुली, माहेरच्यांनी टाकलं म्हणतेस आणि त्याच पत्रात सांगतेस की आई रोज सातला फोन करते. मग टाकलं कोणी? दादाने टाकलं म्हण. गावाने नावं ठेवली असतील, तेही कबूल. पण जी बाई रोज तुझा नंबर लावते तिने तुला टाकलेलं नाही. टाकलं असेल तर तू तिला.

दादाचं आणि चर्चमधल्या बायकांचं आज राहू दे. तुझ्या सोसण्याबद्दलही मी आज लिहिणार नाही, कारण मला त्या सायलेंट मोबाइलपुढे दुसरं काही सुचत नाहीये.

सात म्हणजे दिवेलागण. तुळशीपुढे दिवा ठेवून झाला की तिला तुझी आठवण येत असणार. सध्या ऑक्टोबर चालू आहे, आपल्याकडे जपमाळेचा महिना आणि तिच्याकडे भातकापणीचा. दिवसभर कंबर मोडेस्तोवर वाकायचं, भारे खळ्यात आणून टाकायचे, आभाळ भरून आलं की धावत जाऊन झाकायचे. एवढं करून संध्याकाळी हातपाय धुवायचे आणि लेकीला फोन लावायचा. रिंग पूर्ण वाजून बंद होते. दुसऱ्या दिवशी ती परत लावते. यात तुला तिची माया दिसली नाही, रोझरीतला व्यत्यय दिसला. याचा मला फार राग आला, आणि तो मी लपवणार नाही.

तू सांगितलेलं वचन बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, त्याचा दहावा अध्याय तू वाचलास. आता पाच अध्याय पुढे जा. पंधराव्यात येशू शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपंडितांना, खडसावतो ते कशावरून? आईबापाला जे द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून ही मंडळी हात झटकत होती. सातची वेळ देवाला दिली म्हणून आईला देता येत नाही, हे तुझं म्हणणं त्याहून वेगळं आहे का? प्राण जात असताना त्याने क्रुसावरून आपल्या आईला शिष्याच्या हवाली केलं, हे योहानाने लिहून ठेवलंय. त्याच आईला तू एका रोझरीत पन्नासहून अधिक वेळा ‘नमो मारिया’ म्हणून हाक मारतेस आणि तेवढ्यात स्वतःच्या आईची हाक बंद करून ठेवतेस.

कोरडेपणाचं घाबरू नकोस. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा लोकांना कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत अंधारच जाणवत होता. त्या काळातही त्यांनी माणसांकडे पाठ फिरवली नाही. फोन उचललास की तुझा कोरडेपणा जाईल, असं वचन मी देणार नाही. तो राहीलही. राहिला तरी फोन उचलायचाच आहे.

आई आपल्या वाटेने येणार नाही, मग बोलायचं काय, असंही तुझ्या मनात असेल. आपल्याच कोकणात, करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, त्यांच्या स्वतःच्या मनाने. तुझी आई कदाचित कधीच येणार नाही. तिचा देव्हारा तिच्यापाशी राहू दे. तिला लेक हवी आहे, तेवढंच ती मागते आहे.

तेव्हा आज सात वाजता रिंग आवाजावर ठेव. वाजली की माळ हातात असेल तशी ठेवून ऊठ, घरच्यांना म्हणावं तुम्ही चालू ठेवा. ती विचारेल, ‘बाये, जेवलंस काय?’ तर काय शिजवलंस ते सांग. भात किती कापून झाला, कोणी मदतीला येतं का, ते विचार. येशूची साक्ष द्यायला बसू नकोस, दादाचं गाऱ्हाणं काढू नकोस. रडू आलं तर फोनवरच रड. आणि इतके दिवस वाट बघून आज तिने लावलाच नाही, तर सव्वासातला तू लाव.