प्रश्नोत्तरे : मुलांचा भूगोल नेमका कुठे अडतो?

प्रश्न : मी तिसरीपासून दहावीपर्यंतच्या वर्गांना भूगोल शिकवते. लहान मुले वर्गाचा नकाशा काढताना रंगून जातात. पण तीच मुले आठवीत आली की समोच्च रेषा (नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) पाहून गोंधळतात आणि व्याख्या पाठ करून मोकळी होतात. मधल्या वर्षांत काय राहून जाते?

उत्तर : बहुतेक वेळा राहून जाते ती मोजणी. लहान मुले ज्याला नकाशा म्हणतात तो खरे तर कच्चा आराखडा असतो, कारण त्यातील अंतरे अंदाजाने टाकलेली असतात. तिसरीत ते चालते. चौथी-पाचवीत मात्र मुलांच्या हाती टेप द्यावी आणि ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद खोली २ सेंटिमीटरला १ मीटर या प्रमाणाने कागदावर उतरवायला सांगावी. १६ आणि १२ सेंटिमीटर बाजूंची चौकट तयार होते, तिच्यात बाके बसवताना एखाद्याचे टेबल भिंतीबाहेर जाते आणि तो मुलगा कोणी न सांगता पुन्हा मोजायला उठतो. त्या उठण्यात नकाशा प्रमाणाचा निम्मा धडा होऊन जातो. पुढे नववीत १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा (डोंगर, नद्या, रस्ते, गावे तपशिलाने दाखवणारा) समोर येतो, तेव्हा तिथेही २ सेंटिमीटरच असतात, फक्त ते आता १ किलोमीटर दाखवतात, एवढे सांगितले तरी पुरते.

समोच्च रेषांची व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी एक तास चिखलात घालवावा, असे माझे मत आहे. पसरट टबात शाडूच्या मातीची टेकडी करावी, तिची एक बाजू मुद्दाम उभी ठेवावी आणि पाणी एकेक सेंटिमीटर चढवत प्रत्येक वेळी पाण्याची कड सुईने कोरून घ्यावी. पाणी काढून टाकल्यावर मुलांनी बरोबर वरून पाहिले, की उभ्या बाजूच्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या आणि उताराच्या बाजूच्या ऐसपैस पसरलेल्या दिसतात. मग गणित करता येते : १:५०,००० च्या नकाशावर उंचीत २० मीटरचा फरक दाखवणाऱ्या दोन लगतच्या रेषांमध्ये १ मिलिमीटर जागा असेल, तर ५० मीटर चालताना २० मीटर चढावे लागते, तीच जागा १ सेंटिमीटर असेल, तर २० मीटर चढण्यासाठी ५०० मीटरची वाट मिळते. कोणता चढ दमवणारा, हे मग विचारावे लागत नाही.

आणखी एक बारीक चूक वर्गात नकळत रुजते. नकाशा नेहमी भिंतीवर टांगलेला असल्याने उत्तर म्हणजे ‘वर’ आणि दक्षिण म्हणजे ‘खाली’ असे मुलांच्या मनात बसते, आणि नाईल नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते म्हटल्यावर ती ‘वर कशी चढते’ असा प्रश्न येतो. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. नकाशा जमिनीवर अंथरून होकायंत्राने त्याची उत्तर खऱ्या उत्तरेशी जुळवावी आणि मग नदीच्या उगमाची व मुखाची उंची शोधायला लावावी.

प्रश्न : ‘पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा’ असे नववीतील मुलेही लिहितात. धडा तर दरवर्षी होतो.

उत्तर : चूक तर्कशुद्ध आहे, म्हणूनच ती टिकते, विस्तवाजवळ गेले की ऊब वाढते हा प्रत्येकाचा अनुभव आहे. त्यात पुस्तकांतील लांबट कक्षेच्या आकृत्या भर घालतात. मुलांपुढे आकडे ठेवावेत : पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या आरंभी असते आणि सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर, जुलैच्या आरंभी. अंतर हेच कारण असते, तर उत्तर गोलार्धात जानेवारीत उन्हाळा आला असता, आणि दोन्ही गोलार्धांत ऋतू एकाच वेळी बदलले असते.

चुकीची जागा अशी रिकामी झाल्यावरच पृथ्वीचा अक्ष २३.५ अंशांनी कललेला आहे, याविषयी बोलावे. चौकटीच्या कागदावर बॅटरीचा झोत सरळ वरून टाकून उजळलेली घरे मोजावीत, मग तेवढ्याच अंतरावरून झोत कागदाशी ३० अंशांचा कोन करेल असा तिरपा धरावा. घरे जवळपास दुप्पट होतात आणि उजेड फिका पडतो. प्रकाश तोच, वाटेकरी वाढले. दिवसाच्या लांबीचा परिणाम दुसऱ्या तासाला घ्यावा, दोन्ही एकदम नकोत.

प्रश्न : पडद्यावर हवे ते नकाशे मिळत असताना पृथ्वीगोल ठेवायचा कशाला?

उत्तर : क्षेत्रफळासाठी. नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये मांडलेले प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत, दर्यावर्दी लोकांना दिशा धरता यावी म्हणून होते. ध्रुवांकडचे प्रदेश त्यात फुगतात, आणि त्यामुळे ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, वास्तविक आफ्रिका सुमारे १४ पट मोठी आहे. सहावीच्या मुलांना पृथ्वीगोलावरील ग्रीनलंड पातळ कागदावर गिरवून, कापून, आफ्रिकेवर सरकवत किती वेळा बसते ते पाहू द्यावे. पडद्यावरचा नकाशा जवळच्या रस्त्यांसाठी उत्तम आहे. त्यावर खंडांची तुलना मात्र करू नये.