पुढाकार बाळाचा, पूर्वतयारी मोठ्यांची

प्रश्न : माझी मुलगी साडेसात महिन्यांची असून अजून स्वतःहून बसत नाही. सासूबाई तिला उशांचा टेकू देऊन बसवतात आणि वॉकर आणा असेही म्हणतात. मी तिला सतरंजीवर मोकळी ठेवते. माझे चुकते आहे का?

उत्तर : नाही. भारतासह पाच देशांतील निरोगी बाळांच्या पाहणीवरून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जे टप्पे प्रसिद्ध केले, त्यांत आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने इतका विस्तृत आहे. बुडापेस्टमध्ये १९४६ पासून लोत्सी हे बालगृह चालवणाऱ्या बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांचा दंडकच होता की ज्या स्थितीत बाळाला आपले आपण येता येत नाही, त्या स्थितीत मोठ्यांनी त्याला नेऊन ठेवू नये. उशांमध्ये बसवलेल्या बाळाला तिथून बाहेर पडता येत नाही. उलट सतरंजीवर कुशीवर वळणे, हातांवर भार घेणे आणि तोल सावरणे ही बसण्याचीच तयारी चालू असते. वॉकर मात्र आणूच नये. जिन्यावरून गडगडण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. नऊ महिने उलटूनही ती बसली नाही, किंवा एकच बाजू कमी वापरते असे दिसले, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

प्रश्न : मी पाळणाघर चालवते. मुले खेळत असताना मी शेजारी बसून राहते, तेव्हा ‘ताई काहीच शिकवत नाहीत’ अशी पालकांची तक्रार येते. त्यांना काय सांगावे?

उत्तर : खेळ सुरू होण्याआधी आपण काय केले आणि खेळ चालू असताना काय टाळले, ते सांगावे. जमिनीलगतच्या फळीवर मोजक्या वस्तू मांडणे, गिळता येण्याजोगे काही आसपास नाही याची खात्री करणे आणि कोणते मूल कशात रमते हे टिपून दुसऱ्या दिवशीची मांडणी बदलणे, हे सारे शिकवण्याचेच काम आहे. चौदा महिन्यांचे मूल डब्याला झाकण बसवण्याची खटपट करत असेल, तर आपण हात पुढे केला की झाकण बसते, पण खटपट संपते. म्हणून थांबावे. त्याने मान वर करून पाहिले, तर त्याच्या नजरेला प्रतिसाद देऊन ‘झाकण उलटे धरले आहेस का?’ इतकेच म्हणावे. ते रडकुंडीला आले, तर डबा घट्ट धरून ठेवण्यापुरती मदत करावी. मदत नाकारणे हे काही तत्त्व नव्हे, ती कमीत कमी असावी इतकेच.

लंगोट बदलताना, भरवताना किंवा अंघोळ घालताना मात्र पूर्ण लक्ष बाळाकडे असावे. ‘आता तुला उचलते’ असे आधी सांगून क्षणभर वाट पाहावी. पालक खेळातले धडे मोजतात, पण माझ्या मते पाळणाघराची पारख करायची तर ती या वेळांवरून करावी, कारण इथे निश्चिंत झालेले मूलच पुढे एकटे खेळण्यात रमते.

प्रश्न : दीड वर्षाचा मुलगा ओट्याखालचे सगळे डबे बाहेर काढतो. मुलाच्या कलाने घ्यायचे, तर त्याला अडवायचेच नाही का?

उत्तर : अडवायचे, पण जागा पाहून. खालचा एक कप्पा त्याला द्यावा आणि त्यात पळ्या, वाट्या, रिकामे डबे ठेवावेत. शेंगदाणे, फुटाणे, बटणासारख्या बॅटऱ्या, सुऱ्या आणि फिनेल वर, कुलपात जावे. गॅसजवळ तो आला की त्याला उचलून दूर न्यावे आणि ‘गरम आहे, इथे नाही’ हे दर वेळी त्याच शब्दांत सांगावे. खेळ कोणता हे त्याने ठरवावे. सुरक्षितता त्याच्यावर सोपवू नये.

प्रश्न : एक वर्षाच्या मुलीला चित्रांची कार्डे किंवा मोबाइलवरचे शैक्षणिक व्हिडिओ दाखवावेत का?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार या वयात पडदा नकोच. कार्डे तिने स्वतः उचलली, तर ती पाहत असलेल्या चित्राचे नाव सांगावे. तिने ती फेकली, तर गोळा करून ठेवून द्यावीत.