मोहोर आलाय, हात आखडता घ्या : माघ-फाल्गुनातली परसबाग

या पंधरवड्यातले बहुतेक प्रश्न आंब्याच्या मोहोराचे आहेत, त्यामुळे सुरुवात तिथूनच.

प्रश्न : दारातल्या आंब्याला मोहोर भरपूर आला, पण तुरे काळे पडून गळताहेत. झाडाखाली लावलेल्या गाडीवर चिकट थेंब पडतात. पाणी वाढवू का?

पाणी अजिबात वाढवू नका. चिकट थेंब ही तुडतुड्यांची खूण आहे. सकाळी एखादी फांदी हलवून बघा. पाचरीच्या आकाराचे, ज्वारीच्या दाण्याएवढे करडे किडे उड्या मारतील. संख्या जास्त असेल तर पानांवर आपटून टिकटिक आवाजही येतो. ते मोहोरातला रस शोषतात आणि गोड चिकटा सोडतात. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. म्हणजे काळेपणा हा परिणाम आहे. नुसते बुरशीनाशक मारून तुडतुडे जाणार नाहीत. तुऱ्यावर पिठासारखा पांढरा थर दिसत असेल तर तो मात्र भुरी रोग. तिचा इलाज वेगळा.

तुरे अजून कळीत असतील तर तुडतुड्यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. अर्धा किलो निंबोळी पावडर चार-पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यातून दोनदा गाळा, पाणी घालून १० लिटर करा, त्यात २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर फवारा. नीट गाळले नाही तर पंपाचे नोझल तुंबते, शिळा अर्क काम करत नाही. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ग्रॅम. दोन्ही एकाच पंपात घालू नका. निंबोळी तेल मारले असेल तर निदान १५ दिवस गंधक नको, कारण तेलावर गंधक पडले की कोवळा तुरा करपतो. पारा ३५ अंशांवर गेल्यावरही तेच होते.

फुले उमलली असतील तर मात्र पंप खाली ठेवा. एक तुरा हातात घेऊन बारकाईने बघा, म्हणजे कारण कळेल. तुऱ्यात शेकड्याने, कधी हजारांवर फुले असतात, आणि त्यातली बहुतेक नर. ज्या फुलाच्या मध्यभागी मोहरीएवढा पिवळट-हिरवा गोळा दिसतो तेच फळ धरू शकते, तेही माश्या आणि मधमाश्या त्यावर फिरल्या तर. या आठवड्यात कीटकनाशक मारले तर तुडतुड्यांबरोबर त्याही जातात. शेजारच्या बागायतदाराचे औषधाचे वेळापत्रक घरच्या झाडाला लावायचा मोह तर टाळाच. ते मोठ्या बागेसाठी असते, आणि तुमच्या झाडाखाली पोरे खेळत असतात.

पाण्याचे म्हणाल तर मोहोरात पाणी दिल्यास झाड पालवीकडे वळते आणि तुरा उपाशी राहतो. कैरी वाटाण्याएवढी झाली की सुरू करा : मोठ्या झाडाला दर १५ दिवसांनी १५० ते २०० लिटर. तेही बुंध्याशी नाही, तर दुपारी बाराच्या सावलीची कड जिथे पडते तिथे चर काढून. पाणी ओढणारी मुळे तिथे असतात. काढणीच्या महिनाभर आधी बंद करा. कैऱ्या वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढ्या असताना पोटॅशियम नायट्रेटची (१३:०:४५) १ टक्क्याची फवारणी, म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम, दिली तर गळ कमी होते. पण प्रत्येक तुऱ्याला एखाद-दुसरी कैरी टिकली तरी झाड भरले असे समजा. बाकीच्या गळणारच.

प्रश्न : शेवगा फुलांनी पांढरा झालाय, पण शेंगा धरत नाहीत.

थोडी फूलगळ होतेच. जास्त होत असेल तर पाण्याचा चढउतार तपासा : आठ दिवस कोरडे आणि मग एकदम पाइप सोडून देणे, हे शेवग्याला चालत नाही. युरिया दिला असेल तर थांबवा, त्याने नुसता पाला वाढतो. शेवग्याचे परागीभवन मुख्यतः मोठे काळे भुंगे करतात. ते वाळक्या लाकडात भोक पाडून राहतात, म्हणून कुंपणालगतचा एखादा वाळका ओंडका राहू द्या. छाटणी आत्ता नको. शेंगा संपल्या की एप्रिल-मेमध्ये खोड जमिनीपासून तीन-चार फुटांवर कापा, नाहीतर पुढच्या वर्षी शेंगा काढायला शिडी लागेल.

प्रश्न : कागदी लिंबू हिरवेगार आहे, फूल नाही. आता पाणी तोडून ताण देऊ का?

उशीर झाला. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, ताण डिसेंबरात द्यायचा असतो. आता ऊन तापायला लागल्यावर दिलात तर पानेच वाळतील. बियांपासून केलेले रोप असेल तर चार-पाच वर्षे थांबावेच लागते. रोज बादलीभर सांडपाणी मिळणारे झाड मात्र फुलायचे विसरते. पुढच्या डिसेंबरात ते पाणी दुसरीकडे वळवा.

तोवर एक काम करून ठेवा : दुहेरी आळे. बुंध्याभोवती दीड फुटावर मातीचा गोल बांध घाला, पाणी त्याच्या बाहेरच्या आळ्यात सोडा. बुंधा ओला राहिला की डिंक्या लागतो, साल फुटून डिंक गळतो. बुंध्याला अडीच-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा : १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्धा लिटरमध्ये, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. तसेच लावलेत तर साल भाजते.

प्रश्न : मोगरा आत्ता छाटला तर चालेल का?

कळ्या दिसत नसतील तर आजच छाटा. मोगऱ्याला कळी नव्या फुटीच्या शेंड्याला येते, म्हणून एकतृतीयांश ते निम्मी उंची कमी करा आणि जुनी पाने काढून टाका. कुंडी असेल तर वरची दोन इंच माती खरवडून तिथे शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. कळ्या लागल्या असतील तर पहिला बहर ओसरू द्या, मग हलका हात फिरवा. दिवसभर सावलीत असलेल्या मोगऱ्याला खत घालून काही होत नाही, जागा बदला.

भेंडी, गवार, काकडी लावायची असेल तर मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या आत बी टाका. पानगळीचा पाला जाळू नका. झाडाखाली तीन-चार इंच पसरा, पण बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी थेट खोडावर चढते.

प्रश्न : अंगणातल्या काटेसावरीची सगळी पाने गेली. वाळली असेल तर तोडावी का?

आधी नखाने फांदीची साल खरवडून बघा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. सावर, पळस, पांगारा ही झाडे पाने टाकूनच फुलतात. पळसाची ती तीन पानेसुद्धा फुलांनंतरच येतात. शहरात असाल तर तोडण्यापूर्वी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. सावरीचे लाकूड ठिसूळ असते, त्यामुळे घरावर आलेली जड फांदी तेवढी बहर संपल्यावर, पावसाआधी उतरवून घ्या आणि कापल्या जागी वरचेच बोर्डो मलम लावा. एप्रिल-मेमध्ये बोंडे फुटून कापूस उडायला लागेल. तोवर पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण आणि त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी बसवून घ्या.