जुन्या सागवानी पेटीवर हातानं चामडं चढवायचं आहे. साधा फेविकॉल चालेल का?

तुम्ही विचारलंय की आजोबांची १२ बाय ८ इंचांची, ५ इंच उंच सागवानी पेटी आहे, तिला बाहेरून चामड्यानं मढवायचं आहे, तर नागपुरात सामान कुठं बघायचं आणि नुसत्या फेविकॉलनं भागेल का. नुसत्या फेविकॉलनं भागणार नाही, का ते पुढे सांगतो. पण या कामात चिकटवणं हा सोपा भाग आहे. मढवलेली पेटी चांगली दिसणार की थैली चढवल्यासारखी दिसणार, हे चामड्याच्या कडा तुम्ही किती पातळ उतरवता त्यावर ठरतं. मी पुस्तकबांधणीतून या कामात आलो. तिथंही हेच, इथंही हेच.

आधी पेटीचे कोपरे नीट बघा. फळ्या एकमेकींत खाचा पाडून गुंतवलेल्या असतील, तर माझं ऐका, ती पेटी मढवू नका. तसा सांधा घालणारा सुतार आता शोधून सापडत नाही, आणि चामड्याखाली तो कायमचा झाकला जाईल. अशी पेटी साफ करून मेणाचा हात द्या आणि मढवण्यासाठी लकडगंजातल्या एखाद्या सुताराकडून ९ मिलिमीटर प्लायची नवी पेटी करून घ्या. शिकायलाही प्लाय बरी, कारण ऋतूप्रमाणे ती फारशी फुगत-आकसत नाही. फळ्या साध्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतील आणि पॉलिश उडालेलं असेल, तर मात्र खुशाल मढवा.

आता चामडं. बाजारात 'लेदर' म्हणून रेक्झिन तर विकतातच, पण खऱ्या चामड्यातही दोन जाती आहेत आणि तुम्हाला त्यातली एकच हवी आहे. क्रोम म्हणजे रसायनानं कमावलेलं चामडं मऊ, लवचीक असतं, जॅकेट आणि पर्सला उत्तम. पण ते ओलं करून कोपऱ्यावर बसवलं तरी वाळल्यावर पुन्हा उसळतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं ओलं झालं की हाताला ऐकतं आणि वाळल्यावर तोच आकार धरून ठेवतं. कोल्हापुरी चपलेला हेच लागतं, पण तिथलं जाड असतं. तुम्हाला बोकडाचं, ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचं हवं. दुकानात ओळखायचं कसं? कापलेली कड उजेडात धरा. कडेचा मधला थर निळसर-राखाडी दिसला तर बहुतेक क्रोम. कड आरपार तपकिरी असेल तर बोट ओलं करून कोपऱ्यावर टेकवा. पाणी लगेच मुरून डाग गडद झाला तर माल बरोबर आहे. रंग-लेप दिलेल्या चामड्यात पाणी मुरत नाही, तेव्हा ही परीक्षा मागच्या, खरखरीत बाजूनं घ्या. चपला-बुटांचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतं, फक्त 'अस्तराचं बोकड' असं न मागता हिरड्या-बाभळीचं म्हणून मागा.

चामडं चौरस फुटावर विकतात. बोकडाचं एक चामडं साधारण ४ ते ६ चौरस फूट भरतं. तुमच्या पेटीला दुमडीसकट साडेतीन-चार चौरस फूट लागेल, पण पाय, मान यांकडचा भाग वाया जातो, म्हणून एकाच चामड्यावर विसंबू नका. शिवाय पेटीचा घेर ४० इंच, आणि एवढी सलग पट्टी बोकडाच्या चामड्यातून निघत नाही. तेव्हा समोरची आणि दोन्ही बाजूंची भिंत एका पट्टीत घ्या, ती दोन्हीकडून अर्धा इंच मागच्या भिंतीवर वळवा, म्हणजे २९ इंच. मागच्या भिंतीला वेगळा तुकडा. सांधा मागं राहतो, कुणाच्या नजरेत येत नाही. झाकणाला पाठीच्या कण्याजवळचा भाग वापरा, तो घट्ट असतो. पोटाकडचा भाग ताणला की ताणतच जातो, तो तळाला टाका.

लाकडाची तयारी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. बिजागऱ्या, कडी, कुलूप सगळं काढा. जुनं पॉलिश पूर्ण खरवडा. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून, चिकटवायच्या थोडं आधी थिनरच्या फडक्यानं पुसा. सगळ्या धारा थोड्या गोल करा, कारण धारदार कडेवर ताणलेलं चामडं वर्षा-दोन वर्षांत तिथंच चिरतं. खिळ्यांची डोकी आत ठोकून भुसा-फेविकॉलनं भरून टाका. हे फक्त खड्डा दिसू नये म्हणून नाही. हिरड्या-बाभळीच्या चामड्याला ओलं असताना लोखंड लागलं की काळानिळा डाग पडतो, शाईसारखा, आणि तो आतून वर येतो. म्हणून काम करताना कात्री, पट्टी, चिमटा काहीही ओल्या चामड्यावर ठेवून देऊ नका. डाग पडलाच तर ताज्या लिंबाच्या रसाचा बोळा फिरवा, लगेच केलं तर बराचसा जातो.

आता कडा. हे मला नागपुरातल्या सीताबर्डीवर बसणाऱ्या एका वयस्कर कारागिरांनी शिकवलं. त्यांचं एकच वाक्य असे, "भाऊ, चिपकवाची घाई नोको करू, पहिले कड उतरव." चामडं खरखरीत बाजू वर करून कडप्प्याच्या किंवा जाड काचेच्या तुकड्यावर पसरायचं. रापी, म्हणजे चामडं तासायची सुरी, जवळजवळ आडवी धरायची, आणि कडेपासून आत १५ मिलिमीटर अंतरावरून सुरू करून बाहेरच्या दिशेनं लांब, हलके हात द्यायचे. एका हातात जाडी उतरवायला गेलात की भोक पडलंच. रापीला खरी धार असेल तर निघणारा काप सलग, वळत येतो. भुगा पडायला लागला की समजा धार गेली, थांबा आणि लावून घ्या. कडेला जाडी पाव मिलिमीटरवर यायला हवी, आणि आतल्या पूर्ण जाडीपर्यंत उतार एकसारखा. डोळ्यांनी हे कळत नाही. कड दुमडून दोन बोटांत धरा आणि डोळे मिटून बोटं फिरवा. कुठं टणक कंगोरा लागला तर तिथं अजून काम बाकी आहे. चांगल्या चामड्याला हात घालण्याआधी कातरणांवर एक अख्खी संध्याकाळ हेच करा. हे कसब ज्यांच्या घराण्यात आहे त्यांच्याजवळ बसून शिकलात तर फार बरं, आणि शिकण्याचे पैसे आपणहून द्या. रस्त्यावर बसतो म्हणून त्याचं ज्ञान फुकट नसतं.

चिकटवायला काय? नुसता पांढरा फेविकॉल पातळ बोकडाच्या चामड्यात फार लवकर धरतो, पट्टी सरकवायला वेळच देत नाही, आणि जास्त झाला तर पृष्ठभागावर कडक चट्टे उमटतात. बूटवाल्यांचं सोल्युशन तर टेकलं की टेकलं, वाकडं लागलं तरी हलणार नाही. मी मैद्याची खळ करतो: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत साबुदाण्याच्या खिरीसारखी चमक येईपर्यंत. गार झाल्यावर गाळून त्यात लवंगाच्या तेलाचे चार-पाच थेंब, म्हणजे बुरशी कमी धरते. मग दोन भाग खळ आणि एक भाग फेविकॉल. खळ सरकायला वेळ देते, फेविकॉल लाकडाला पकड देतो.

चामडं मागून ओल्या स्पंजनं दमट करा, मिश्रणाचा एक हात द्या, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, दुसरा हात द्या. लाकडालाही एक पातळ हात. पट्टी समोरच्या भिंतीच्या मधोमध टेकवून तळव्यानं दोन्हीकडे नेत जा. नखं लावू नका, ओल्या चामड्यावर नखाची खूण कायमची राहते. कोपऱ्यावर दुमडताना जास्तीचं चामडं ४५ अंशांत कापा, पण अगदी टोकाशी नाही, टोकापासून दीड मिलिमीटर सोडून. एक बाजू आत दुमडा, टोकाशी उरलेला बारीक जीव हाडाच्या पट्टीनं किंवा स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं आत दाबा, मग दुसरी बाजू त्यावर आणा. कोपरा नेटका येण्याचं सगळं रहस्य त्या दीड मिलिमीटरात आहे. ते सोडलं नाही तर लाकडाचं टोक डोकावतं.

झाकणाचा हिशोब लोक विसरतात. चामडं पेटीच्या काठावरही येतं आणि झाकणाच्या काठावरही. बिजागरी जुन्या खाचेत थेट लाकडावर बसवली आणि शेजारी चामड्याचे दोन थर आले, की मागं ते दाबलं जातं आणि समोरून झाकण उघडं राहतं. एकतर बिजागरी चामड्यावरून बसवा, नाहीतर मागच्या काठावरची दुमड पार पातळ करा. झाकण टोपीसारखं पेटीवर उतरणारं असेल तर आधीच प्रत्येक बाजूनं दोन मिलिमीटर मोकळं करून घ्या. नव्या पितळी बिजागऱ्या आणि कड्या इतवारीत, लोहा ओळीच्या आसपास बघा. पितळच घ्या, लोखंडाचं कारण वर आलंच आहे.

वेळ कोणती निवडायची? आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना खळ तुमच्या हातातच वाळते आणि चामडं इतक्या झपाट्यानं आकसतं की दुमडी उचलल्या जातात. कूलरसमोर वाळवायचा मोह होईल, तोही नको, एका बाजूनं वारा लागला की ती बाजू आधी आवळते. जुन्या धोतराच्या कापडात सैल गुंडाळून, सपाट फळ्यांच्या हलक्या दाबाखाली, सावलीत पूर्ण एक दिवस-रात्र ठेवा. मग बिनरंगी बूट-पॉलिशचा अगदी पातळ हात द्या. आतून कापडाचं अस्तर लावणार असाल तर ते आणखी दोन दिवसांनी लावा, आतली ओल तोवर पूर्ण निघालेली असते. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पेटी पॉलिथिनच्या पिशवीत बांधून कपाटात टाकू नका. उघड्यावर ठेवा, आठवड्यातून एकदा कोरड्या सुती कापडानं पुसा. पांढरी बुरशी दिसलीच तर पेटी बाहेर नेऊन कोरड्या ब्रशनं झटका, ओल्या फडक्यानं पुसलीत तर ती पसरते.