मॅग्नम रायफल आणि दरमहा सहाशे डॉलरचा हप्ता

प्रश्न: मी ३७ वर्षांचा असून कोलोरॅडोत नोकरी करतो. पगार वर्षाला १ लाख २० हजार डॉलर आहे, ग्रीन कार्ड झाले आहे, पत्नी सध्या घरी असते आणि मुलगा चार वर्षांचा आहे. हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी येत्या ऑक्टोबरात प्रथमच एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीला जाणार आहे. .३०० विंचेस्टर मॅग्नम (विन मॅग) काडतुसाची हलकी बोल्ट-ॲक्शन रायफल, दुर्बीण आणि इतर सामान मिळून २,३०० डॉलर होतात. माझे बजेट १,५०० चे आहे, परंतु दुकानाच्या कार्डावर १८ महिने बिनव्याजी सवलत आहे आणि दरमहा ७५ डॉलर मी भरू शकतो. एक एल्क मिळाला तरी मांसाच्या रूपाने पैसे वसूल होतील. याहून जास्त हप्ता जमत नाही, कारण तीन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका गृहस्थांकडून घेतलेल्या आययूएल (बचतखाते जोडलेला आयुर्विमा) पॉलिसीला दरमहा ६०० डॉलर जातात आणि त्यासाठी ४०१(के)मधला, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीखात्यातला, वाटाही मी ८ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणला आहे. अडीअडचणीसाठी बँकेत ४,००० डॉलर आहेत. रायफल घ्यावी का, आणि मॅग्नमच घ्यावी का? (पॉलिसीचे कागद सोबत जोडले आहेत.)

उत्तर: तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देता येतात. रायफल घ्या, पण मॅग्नम नको, आणि दुकानाच्या कार्डावर तर मुळीच नको. मात्र पॉलिसीच्या हप्त्याविषयीचे तुमचे वाक्य वाचून मी थांबलो आणि सोबतचे कागद दोनदा चाळले. या उत्तराचा मोठा भाग त्या वाक्यासाठी आहे. आधी रायफलचे पाहू.

.३०० विंचेस्टर मॅग्नम हे काडतूस १९६३ मध्ये बाजारात आले. ‘मॅग्नम’ या शब्दाचा अर्थ एवढाच की तेवढ्याच जाडीच्या गोळीमागे अधिक दारू मावेल असे मोठे काडतूस. १८० ग्रेन वजनाची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी .३०-०६ या जुन्या, तेवढ्याच जाडीच्या काडतुसातून सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगाने निघते, तर विन मॅगमधून सुमारे २,९५० फूट वेगाने. हा अडीचशे फुटांचा फरक लांबवरून नेम धरणाऱ्या, हात बसलेल्या शिकाऱ्याच्या उपयोगाचा आहे. पहिल्या मोसमातल्या माणसाने दोनशे-अडीचशे यार्डांपलीकडच्या जनावरावर चाप ओढूच नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तेवढ्या अंतरात १९०६ पासून चालत आलेले .३०-०६ एल्कला पुरून उरते. कोलोरॅडोचा नियमही एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा इतकेच मागतो. .३०-०६ ची ऊर्जा त्या अंतरावर याच्या दुपटीहून अधिक असते.

उरतो धक्क्याचा प्रश्न, आणि नवशिक्याच्या बाबतीत पैसे नेमके तिथेच वाया जातात. तुम्ही निवडलेली रायफल साडेसहा पौंडांची आहे. ती डोंगर चढताना सुखाची वाटते, पण काडतूस जितके जोरकस आणि बंदूक जितकी हलकी तितका खांद्यावरचा दणका मोठा. रेंजवर एक साधी परीक्षा करून पाहा. पाठ वळवून उभे राहा, मित्राला रायफल भरायला सांगा आणि मधूनच एखाद्या वेळी त्याने न सांगता चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, रिकामे ठेवावे. रिकाम्या चेंबरवर चाप ओढताना नळीचे टोक झटकन खाली गेले आणि डोळे मिटले, तर शरीर दणक्याला घाबरून आधीच आवळले जात आहे असे समजावे. ही सवय एकदा लागली की ती मोडायला लागणारी काडतुसे रायफलच्या किमतीशी स्पर्धा करतात. शिवाय तिची खरी किंमत ते जनावर मोजते, जे जखमी होऊन झाडीत निघून जाते.

आता काडतुसांचा हिशेब. विन मॅगची २० काडतुसांची पेटी साधारण ५५ डॉलरला पडते आणि .३०-०६ ची साधारण ३५ ला. नेम बसण्यासाठी वर्षाला २०० गोळ्या, म्हणजे १० पेट्या धरल्या, तर एकीकडे ५५० आणि दुसरीकडे ३५० डॉलर होतात. पाच वर्षांत हा फरक हजार डॉलरचा होतो. मध्यम बजेट असलेल्या माणसाने रायफलच्या किमतीच्या चिठ्ठीआधी हा आकडा पाहावा, कारण महाग काडतुसाचा पहिला परिणाम असा होतो की माणूस सरावच कमी करतो.

रुगर अमेरिकन, सॅव्हेज ११०, वेदरबी व्हॅनगार्ड, टिका टी३एक्स या रायफली सहाशे ते नऊशे डॉलरच्या पट्ट्यात मिळतात, आणि त्यांतली कोणतीही तुमच्यापेक्षा चांगला नेम मारेल. तुम्ही .३०-०६ मधली साडेसात-आठ पौंड भरणारी घ्या. माझा हिशेब असा आहे: रायफल ६००, दुर्बीण ३००, माउंट (दुर्बीण बसवायची पकड) ५०, विक्रीकर आणि १ एप्रिल २०२५ पासून राज्यात लागू झालेला ६.५ टक्के शस्त्रकर मिळून १४०, पहिल्या सहा पेट्या २१०, कानांचे संरक्षण ५० आणि कुलपाचे कपाट १५०. एकूण १,५०० डॉलर. कपाट यातून वगळू नका. घरात चार वर्षांचे मूल आहे, आणि मूल घरात असताना शस्त्र कुलूपबंद ठेवणे २०२१ पासून कोलोरॅडोत कायद्यानेच बंधनकारक आहे. २०२३ पासून खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणी सुरू झाल्यानंतर किमान तीन दिवस थांबावेही लागते, तेव्हा खरेदी शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

दुकानाचे कार्ड. ‘१८ महिने बिनव्याजी’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात, आणि पूर्ण रक्कम मुदतीत फिटली नाही तर पहिल्या दिवसापासूनचे व्याज एकदम लागेल हे बारीक अक्षरांत. अशा कार्डांचा दर ३० टक्क्यांच्या आसपास असतो. तुम्ही दरमहा ७५ भरणार, म्हणजे १८ महिन्यांत १,३५० फिटतील आणि ९५० उरतील. त्या दिवशी त्यावर मागचे सुमारे ७०० डॉलर व्याज चढेल. मुदतीत फिटायचे असेल तर दरमहा १२८ भरायला हवेत, आणि ते जमत नाहीत असे तुम्हीच लिहिले आहे. दुकानदार ७५ चा आकडा सहज पटवतो, कारण त्याचा नफा त्याच फरकात आहे.

मांसाने पैसे वसूल होतील ही आशा सोडून द्या. कोलोरॅडोत एल्कच्या मागे जाणारे बहुतेक शिकारी त्या मोसमात रिकाम्या हातांनी परततात, आणि पहिल्या वर्षीचा माणूस तर हमखास त्यांच्यात धरावा. मिळालाच तर कापून, बांधून आणण्याचा खर्च वेगळा. हा तुमचा छंद आहे, तो चांगला आहे, आणि त्यावर खर्च करायला तुम्हाला कमाईचे निमित्त लागत नाही.

आता त्या वाक्याकडे येतो. वर्षाला सव्वा लाखाच्या जवळ मिळवणाऱ्या माणसाला १,५०० डॉलर रोख काढता येत नाहीत, याचे कारण ती पॉलिसी आहे.

आययूएल म्हणजे आयुर्विमा आणि त्याला जोडलेले एक बचतखाते, ज्यावरचे व्याज एस अँड पी ५०० सारख्या शेअर बाजाराच्या निर्देशांकाच्या चढउतारावरून ठरते. बाजार चढला तर वाढ तुमची आणि पडला तर शून्याखाली जाणार नाही, असे सांगून ती विकली जाते. चढत्या वर्षी मिळणाऱ्या व्याजाला वरून मर्यादा असते आणि ती मर्यादा कंपनी पुढे कमी करू शकते. निर्देशांकातल्या कंपन्यांचा लाभांश मोजला जात नाही. व्याज शून्य असलेल्या वर्षीही विम्याचा खर्च आणि शुल्के खात्यातून कापली जातात, म्हणजे खाते खाली येतेच, आणि विम्याचा हा खर्च वयाबरोबर चढत जातो. तुम्ही आजवर २१,६०० डॉलर भरले. खात्यात १३,४०० दिसतात, आणि आज पॉलिसी मोडली तर हातात येतील ५,९००.

जोडलेल्या इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षांच्या रकमा दाखवणाऱ्या तक्त्यात, ६५ व्या वर्षासमोर ४ लाख २० हजार डॉलर लिहिले आहेत आणि कोणीतरी त्याभोवती पेनाने गोल केला आहे. त्याच ओळीत डावीकडे ‘गॅरंटीड’ असा रकाना आहे. तो वरून खाली वाचत जा. ६३ व्या वर्षापासून तिथे शून्य आहे, म्हणजे हमीच्या अटींवर पॉलिसी त्या वर्षी संपते. विकणाऱ्याने गोल केलेला आकडा अपेक्षेचा आहे, कंपनीने सही केलेला आकडा शून्य आहे. अशा कागदांवर किती दर दाखवावा यावर विमा नियामकांना २०१५ मध्ये मर्यादा घालावी लागली होती, आणि तरीही हे गोल काढणे थांबलेले नाही. मला याचा राग येतो, कारण हे कागद मी दर महिन्याला पाहतो आणि ते बहुतेक वेळा मंडळातल्या, देवळातल्या, विश्वासाच्या माणसाकडून आलेले असतात. पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा हिस्सा कमिशनमध्ये जातो, हे त्या गृहस्थांनी तुम्हाला सांगितले होते का, हे स्वतःला विचारा.

याहूनही मोठे नुकसान ४०१(के)मध्ये झाले आहे. तुमची कंपनी पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर भर घालते. तुम्ही २ टक्क्यांवर आलात, म्हणजे कंपनीचे ३ टक्के, वर्षाला ३,६०० डॉलर, सोडून दिलेत. तीन वर्षांचे जवळजवळ ११ हजार झाले. यात माझ्या हिशेबाच्या सात रायफली काडतुसांसकट आल्या असत्या. शिवाय कमी केलेल्या ६ टक्क्यांवर, म्हणजे ७,२०० डॉलरवर, केंद्र आणि राज्य मिळून वर्षाला हजारभर डॉलर कर उगाच भरला जातो आहे.

हे ७,२०० म्हणजे तंतोतंत पॉलिसीचा वर्षाचा हप्ता. तेव्हा तुलना सोपी आहे. तेच ७,२०० आणि कंपनीचे ३,६०० मिळून १०,८०० डॉलर दरवर्षी ६५ व्या वर्षापर्यंत गेले आणि परतावा फक्त ५ टक्के धरला, तरी सुमारे ६ लाख ३० हजार होतात. काढताना त्यावर कर जाईल, पण तो वजा करूनही गोल काढलेला आकडा मागे पडतो. करमुक्त रक्कम हवी असेल तर रॉथ आयआरए हे निवृत्तीखाते आहे. २०२५ साठी त्याची वार्षिक मर्यादा ७,००० डॉलर होती, आणि त्यात विम्याचा खर्च कापला जात नाही.

आणि विम्याचे काय? पॉलिसीतले विमाछत्र साडेतीन लाखांचे आहे, म्हणजे तीन वर्षांचा पगारही पुरता नाही. कमावणारे तुम्ही एकटे, मूल चार वर्षांचे. निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या तुमच्या वयाच्या माणसाला १० लाख डॉलरचा २० वर्षांचा मुदत विमा महिन्याला ६०-७० डॉलरच्या आसपास मिळतो. दहापट पैसे देऊन तुम्ही एक तृतीयांश संरक्षण घेतले आहे.

आता क्रम नीट पाळा. आधी मुदत विम्याचा अर्ज करा आणि तो हातात पडेपर्यंत जुनी पॉलिसी एक दिवसही बंद पडू देऊ नका. या तीन वर्षांत साखर, रक्तदाब असे काही निघाले असेल तर अर्जाआधी मला कळवा, कारण मग माझे उत्तर बदलते. दरम्यान कंपनीकडे ‘इन-फोर्स इलस्ट्रेशन’ (चालू पॉलिसीचा आजच्या स्थितीवरून काढलेला नवा तक्ता) लेखी मागा, हमीच्या दराने आणि ४ टक्क्यांनी, असे दोन्ही. ते पाहून बहुधा मी पॉलिसी मोडायलाच सांगेन. १५,७०० डॉलर गेल्याचे दुःख होईल, त्याची करात वजावटही मिळणार नाही, पण ते पैसे आज गेलेले नाहीत, ते गेल्या तीन वर्षांत गेले आहेत. पुढचे ७,२०० मात्र अजून तुमच्या हातात आहेत.

४०१(के)चा वाटा मात्र याच महिन्यात ५ टक्क्यांवर न्या. त्यासाठी हातातले साधारण २५० डॉलर कमी होतील, आणि पॉलिसी सुटेपर्यंतचे दोन महिने ओढाताणीचे जातील, तेवढे सोसा. पॉलिसी सुटल्यावर ६०० मधून हे २५० आणि मुदत विम्याचे ६५ गेले की २८५ उरतात, ते सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत बँकेत जाऊ द्या.

पॉलिसी मोडून येणाऱ्या ५,९०० मधून १,५०० रायफलसाठी वेगळे काढायला माझी हरकत नाही. उरलेले ४,४०० अडीअडचणीच्या पैशांत टाका, म्हणजे तिथे ८,४०० होतील. एरवी मी असे पैसे छंदाला देऊ देत नाही, पण सरावाविना जंगलात जाणे किंवा ते कार्ड घेणे, दोन्ही याहून वाईट. मुदत विम्याला महिना-दीड महिना लागेल, म्हणजे जुलैत रायफल येईल आणि सरावाला दोन महिने पूर्ण मिळतील. तोवर रेंजवर ओळखीच्या कोणाची .३०-०६ आणि कोणाची विन मॅग मागून घ्या, दोन्हींतून दहा-दहा गोळ्या झाडा, वर सांगितलेली रिकाम्या चेंबरची परीक्षा दोन्हींवर करा, आणि नळीचे टोक कोणत्या रायफलवर स्थिर राहिले ते मला लिहून कळवा.