पट्टी नको, लोकर घ्या

प्रश्न : माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी जन्मांध आहे. ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनी सगळ्या मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चित्रं काढून घेणार आहे. त्यातून तिची अडचण त्यांना कळेल ना?
– एक शिक्षिका

उत्तर : पट्टी बांधू नका, बाई. दहा मिनिटं चाचपडून मुलांना भीती कळते, बोटांनी वाचणाऱ्या मुलीचं कसब कळत नाही. पट्टी सुटली की ती त्यांच्यासाठी ‘बिचारी’ होऊन बसते. त्यापेक्षा वर्गाचं स्पर्शचित्रांचं पुस्तक करायला घ्या आणि तिची तयारी असेल तर चित्रं तपासायचं काम तिच्याकडे द्या.

चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला ए-फोर आकाराचा जाड कार्डशीट आणि एकच सुटी वस्तू द्या : मासा, पान किंवा छत्री. बाह्यरेषेवर फेविकॉलची बारीक रेघ ओढून त्यावर लोकर दाबायची. आतला भाग मखमली कागद, कापड किंवा बारीक दाण्याच्या पॉलिश पेपरने भरायचा. एका चित्रात तीनपेक्षा जास्त पोत नकोत. दोन रेघांमध्ये निदान अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर बोटाला दोन्ही मिळून एकच जाड रेघ लागते. रात्रभर वाळू द्या. ओल्या फेविकॉलवर बोट फिरलं की लोकर सरकते. डाळ-तांदूळ टाळा, दाणे गळतात, किडे होतात.

बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने : मुलं डोळ्यांसाठी काढतात. रंग आणि चमकी बोटाला कळत नाहीत. डोंगरामागून उगवणारा सूर्य बोटाला भाकरीच्या तुकड्यासारखा लागतो. म्हणून एकावर एक वस्तू नकोत.

चित्राचं नाव मात्र तिला आधी सांगा. नुसत्या उठावावरून वस्तू ओळखणं सरावलेल्या बोटांनाही अवघड जातं. ‘हे काय आहे?’ विचारलंत तर परीक्षा तिची होते. ‘हा मासा आहे, शेपटी सापडते का?’ विचारलंत तर चित्राची. सापडली नाही, तर गटाने चित्र दुरुस्त करायचं. हा सगळा खटाटोप त्या दुरुस्तीसाठीच आहे, ती घाईने उरकू नका.

चित्रांची नावं ती ब्रेलमध्ये लिहील. ब्रेलच्या पाटीवर, म्हणजे कागद अडकवायच्या खाचांच्या चौकटीत, अक्षरं उजवीकडून डावीकडे टोचतात, कारण ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात. हे तिनेच मुलांना दाखवावं. नावाची पट्टी चिकटवताना ठिपक्यांवर अंगठा दाबू नका, कडाच दाबा. चेपलेलं ब्रेल वाचता येत नाही.

प्रश्न : स्नेहसंमेलनातल्या नाचात व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाला कुठे उभं करावं?
– एक पालक

उत्तर : ‘झाड’ करून कोपऱ्यात ठेवू नका. काय करायचंय ते आधी त्याला विचारा. खुर्चीची गिरकी ही नाचाचीच चाल आहे. तिच्यासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा आखून ठेवा आणि वायरी तिथून हलवा. रंगमंचावर चढायचा उतार (रॅम्प) एकास बारा लागतो, म्हणजे ६० सेंटिमीटर उंच रंगमंचाला ७.२ मीटर लांब. तेवढी जागा नसेल तर त्याला खुर्चीसकट उचलून वर नेऊ नका, सगळा कार्यक्रमच मैदानात जमिनीवर घ्या.