उजवा कप सुटत नाही? आधी कुठल्या दिशेने फिरवताय ते बघा

तुम्ही लिहिलंय की सायकलच्या बॉटम ब्रॅकेटमधून (फ्रेमच्या तळाशी पेडलच्या दांड्यांचा एक्सल ज्यात फिरतो तो भाग) डावा कप, म्हणजे छर्रे ज्यात फिरतात ती आट्यांची वाटी, एक्सल, छर्रे सगळं निघालं, पण उजवा कप पान्याला पाईप लावूनही हलत नाही. पाना कुठल्या दिशेने फिरवलात ते लिहिलेलं नाही आणि बहुतेक अडचण तिथेच आहे. इंग्लिश आट्यांच्या फ्रेममध्ये उजव्या कपाचे आटे उलटे असतात. सायकलच्या उजव्या बाजूला, कपाकडे तोंड करून उभे राहा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं तर तो सुटतो. उलट फिरवलं असेल तर इतका वेळ तुम्ही तो आवळत होतात!

कपावर काही कोरलंय का बघा. १.३७ × २४ (१.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे) असेल तर इंग्लिश, म्हणजे वरची दिशा बरोबर. रॅले कंपनीच्या जुन्या सायकलींमध्ये इंचाला २६ आटे असतात, पण दिशा तीच. ३६ × २४ (इथे व्यास मिमीमध्ये) असेल तर इटालियन; त्याचे दोन्ही कप सरळ आट्यांचे, म्हणून उजवाही घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवूनच सुटतो. काहीच दिसत नसेल तर शेलची, म्हणजे दोन्ही कप ज्यात बसतात त्या फ्रेमच्या आडव्या नळीची, रुंदी मोजा. ६८ मिमी बहुधा इंग्लिश, ७० मिमी बहुधा इटालियन.

पण तो काढायलाच हवा का? आतून पुसून घ्या आणि छर्रे जिथे फिरतात त्या पट्ट्यावरून बॉलपेनचं टोक फिरवा. कुठेही अडकलं नाही तर कप जागेवरच राहू द्या. फक्त ग्रीस बदलायचं असेल तर फ्रेममध्येच रॉकेलच्या फडक्याने साफ होतो. खड्डे लागले असतील तरच पुढचं वाचा.

सायकल उजव्या कुशीवर आडवी करा आणि शेलच्या आतून, कपाच्या कडेला गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा. बाहेरून स्प्रे मारून फारसं काही होत नाही, कपाची कॉलर आटे झाकून टाकते.

या कपाला पान्यासाठी दोन सपाट कडा असतात, बहुधा ३६ मिमीच्या, आणि त्या फार पातळ. पाईप लावला की पाना तिरका होऊन घसरतो, कडा गोल होतात. त्याऐवजी साधारण १६ मिमी जाडीचा, ५० मिमी लांबीचा बोल्ट घ्या. डोकं शेलच्या आत ठेवून तो कपाच्या भोकातून बाहेर काढा, बाहेरून जाड वॉशर, स्प्रिंग वॉशर आणि नट लावा. सुरुवातीला डोकं डाव्या बाजूने सॉकेटने धरून नट करकचून आवळा. मग डोकं सोडून द्या (धरून ठेवलंत तर कप फिरणारच नाही) आणि लांब पान्याने नट त्याच दिशेने आवळत राहा. नट आणखी आवळायला जागा उरत नाही, तेव्हा तो कपालाच सोबत फिरवतो, आणि उलट्या आट्यांमुळे ती दिशा सुटण्याचीच असते. इटालियन कप असेल तर शेवटी नट फिरवायचा नाही, डाव्या बाजूने बोल्टचं डोकं आवळायचं.

छिन्नी-हातोडा शेवटचा उपाय, तोही कप फेकायचाच असेल तर. गॅसची ज्योत लावू नका, रंग जळतो.

ज्यांची क्रँक (पेडलचा दांडा) कॉटर पिनची, म्हणजे एक्सलला आडव्या पाचरीने पक्की केलेली, आहे आणि अजून निघायची आहे त्यांच्यासाठी: नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी समपातळीत आणा म्हणजे आटे चेपत नाहीत. क्रँकखाली, पिनच्या दुसऱ्या टोकाला जागा सोडून, जमिनीवर टेकलेला लोखंडी पाईप उभा करा आणि एकच जोरदार घाव घाला. आधार नसेल तर तोच घाव छर्‍यांवर बसतो आणि कपात खड्डे पडतात. हळूहळू ठोकत बसलं तर पिन वाकते, मग ड्रिल करून काढावी लागते.

परत बसवताना दोन्हीकडे नवे पाव इंची छर्रे घाला, सुटे असतील तर प्रत्येकी ११. उजवा कप पूर्ण घट्ट बसला पाहिजे. एक्सलची ढिलाई फक्त डाव्या कपाने काढायची. लॉक रिंग (डावा कप जागेवर पक्का करणारी बाहेरची कडी) आवळताना तो कप थोडा सोबत फिरतो, म्हणून आधी किंचित सैल ठेवा.